कढई न चढलेली दिवाळी

बायको गेली त्या वर्षीची दिवाळी मी अगदी रीतसर पाळली. म्हणजे पाळली नाही. दारात कंदील नाही, रांगोळी नाही, घरात तळण नाही. नाशिकहून ताईनं फोनवर सगळं सांगितलं होतं, "वर्षभर सण करायचा नाही रे. कढई चढवायची नाही. फराळ लोक आणून देतात." मी देवाधर्माचा फारसा माणूस नाही, पण तेव्हा मला कुणीतरी काय करायचं ते सांगावं असं फार वाटत होतं. तिनं काय करायचं नाही ते सांगितलं. तेही चाललं.

आम्ही भोपाळला, मिसरोदला राहतो. नोकरीनं मला इथं आणलं त्याला पंधरा वर्षं झाली, मुलं इथलीच. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा सहा. वसुबारसेला मुलानं विचारलं, "बाबा, आपली दिवाली कॅन्सल झाली?" तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, कॅन्सल कसली, उलट यंदा सगळ्यांच्या घरचा फराळ आपल्याकडे येणार! माझे आजोबा गेले तेव्हा नाशिकला इतके डबे आले होते की आम्ही भावंडं चिवडा बघून पळत सुटायचो, असं मी चांगलं रंगवून सांगितलं. त्यानं लगेच स्वयंपाकघरातले रिकामे डबे काढून टेबलावर मांडले.

मुलीनं काहीच विचारलं नाही. आई जूनमध्ये गेली तेव्हापासून ती अशीच होती. विचारलं तेवढ्याचं उत्तर, मग अभ्यास, जेवण, झोप. ताई म्हणायची, किती समजूतदार पोर आहे. मीही तेच म्हणायचो, कारण त्यात माझी सोय होती.

धनत्रयोदशी गेली. कुणी आलं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये सागर जिल्ह्याकडचं एक कुटुंब राहतं, त्यांच्याकडून गुजिया, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, तळल्याचा वास दिवसभर येत होता. लिफ्टचा आवाज झाला की मुलगा दार उघडून बघायचा. नरक चतुर्दशीला आम्ही पहाटे उठून साध्याच आंघोळी केल्या आणि पोळीभाजी खाल्ली. समोरची दोन मुलं एरवी आमच्याच सोफ्यावर लोळत पडलेली असायची, ती आमच्या दारावरून चोरपावलांनी निघून गेली. मी आतल्या आत धुमसत होतो. याच लोकांकडे बायको दरवर्षी ताट भरून करंज्या पाठवायची. ती गेली आणि सगळं संपलं?

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मुलानं सगळे डबे आपणहून उचलले आणि कपाटात ठेवून दिले. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. मी तडक समोरची बेल वाजवली. भाभींनी दार उघडलं, हात मैद्यानं माखलेले.

"भाभीजी, बच्चों पर भी तरस नहीं आया? एक प्लेट तो भेज देते!"

मागायची ही रीत नव्हे, हे मला बोलतानाच कळत होतं. पण जीभ थांबेना.

मग त्यांचे डोळे भरून आले. "भैया, गमी वाले घर में मिठाई कैसे भेजते? हमारे यहाँ तो इसे बहुत बुरा मानते हैं। हमने तो बच्चों से भी कह रखा था, अभी उनको खेलने मत बुलाना, दरवाज़े के सामने शोर मत करना।"

तेव्हा मी पाहिलं, त्यांच्या दारावर यंदा दिव्यांची माळसुद्धा नव्हती. आमच्या दारासमोर झगमगाट नको म्हणून त्यांनी ती लावलीच नव्हती, आणि चार दिवस येता-जाता माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमची रीत मी इथं कुणालाच सांगितली नव्हती. नाशिकला ती सांगावी लागत नाही, तर इथंही लागणार नाही, असं धरून बसलो होतो. बायको असती तर तिनं लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सांगून टाकलं असतं. माणसांशी बोलणं हे तिचं काम होतं, आमच्या घरात ते दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

मी माफी मागून रीत सांगायला लागलो. भाभींनी ती पुरती ऐकूनही घेतली नाही. त्यांनी मुलांना हाक मारली आणि ती दोघं आमच्या मुलाला ओढतच घेऊन गेली. "चल, गुजिया भरेंगे!" पाच मिनिटांत तिथून तिघांचा गलका ऐकू यायला लागला.

मुलगी आमच्या उंबऱ्यात उभी होती. समोरून तिचा भाऊ नाकाला मैदा फासून तिच्याकडे बघत माकडचाळे करत होता. तिचे ओठ हलले, आणि तिनं ते घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, तिला रडू येतंय.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वर्ष जूनमध्ये संपेल ना?"

"हो. का गं?"

"तोपर्यंत हसायचंच नाही, की नुसतं मोठ्यानं हसायचं नाही?"

पाच महिने पोर हे मनात धरून होती, आणि मला पत्ता नव्हता. असा काही नियम नाही, हे मी तिला तीनदा सांगायला गेलो. पहिल्या दोन वेळा मला रडूच आवरलं नाही. मग ती समोर गेली, पण जाताना दोनदा वळून पाहत होती, मी अजून रडतोय का ते.