चतकोर रोट आणि भुलीचा कागद

माझ्या आयुष्यातला एक अर्धा तास मला अजिबात आठवत नाही. तो एका कागदावर लिहिलेला आहे. त्या कागदात काय आहे ते मला कळलं त्या दिवसापासून मी इतकी हरखून गेले आहे की भेटेल त्याला सांगत सुटते. आमच्या नवागाम वस्तीतल्या शेजारणी मला पाहिलं की आता हसायलाच लागतात. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. सुरुवात मात्र आनंदाची नव्हती. माझ्या मनात एक गोष्ट दडवलेली होती आणि तिची मला लाज वाटत होती.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, कापडाच्या कामासाठी या शहरात आलेले. यजमान लूमच्या कारखान्यात आहेत, मी घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापते. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, आणि रोट. देवीच्या नावानं दळलेल्या गव्हाचे हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. सासूबाईंनी घालून दिलेला दंडक असा, की ज्याचा वाटा त्यानं मंगळवारची उन्हं वर यायच्या आत संपवायचा. यंदा नेमकी त्याच मंगळवारी माझी कोलोनोस्कोपी ठरली. मोठ्या भावाला आतड्याचा आजार निघाला होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्हीही एकदा दुर्बिणीनं तपासून घ्या, साधी तपासणी आहे. तारीख घेताना कानबाईचा वार माझ्या डोक्यातूनच गेला. एरवी भक्तीच्या गप्पा मारायला मी सगळ्यांच्या पुढे.

सोमवारी मला फक्त पातळ घ्यायचं होतं आणि पोट साफ करणारी ती पावडर पाण्यातून प्यायची होती. सगळे जेवले, माझा वाटा डब्यात राहिला. मंगळवारी सकाळी सहाला मी तो चतकोर रोट वाटीभर दुधात कुस्करला आणि उभ्याउभ्या खाऊन टाकला. हॉस्पिटलात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लंय का?" मी सरळ "नाही" म्हणाले. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंच नाही. प्रसाद म्हणजे का जेवण? उपवासालासुद्धा प्रसाद चालतो. मग हातात सुई लागली, मी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, कानबाई माते, आता तूच बघ. त्यानंतरचं आठवतं ते एकदम यजमानांनी पुढे केलेला चहाचा कप. तपासणीत काही निघालं नव्हतं. सगळे खूश झाले. मी मात्र ते "नाही" आठवून अधूनमधून खट्टू व्हायची आणि फाइल कपाटात खालच्या खणात सारली होती.

दिवाळीनंतर पित्ताशयात खडे निघाले. या वेळी ऑपरेशन, आणि पूर्ण भूल. सर्जन म्हणाले, "आधी कधी गुंगी किंवा भूल घेतली असेल तर तो कागद घेऊन या." घरी येऊन मी खालच्या खणातली फाइल काढली. फाइल घेऊन आम्ही दोघं हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. यजमान एकेक कागद उलटत होते आणि आमचं बोलणं घरच्या बोलीत चाललं होतं. शेजारच्या वयस्क बाईंनी ते ऐकलं. "खानदेशातले का? मी इथेच बमरोलीला राहते, माहेर भुसावळचं," त्या म्हणाल्या. रेल्वेच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. "आणा इकडे, भुलीचा कागद मी डोळे झाकून ओळखते."

त्यांनी चष्मा लावला आणि बोट खाली खाली नेत वाचायला लागल्या. "नऊ चाळीस. गुंगीचं थोडं औषध दिलं." मग बोट थांबलं. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही त्या दिवशी खाऊन गेला होतात?"

"नाही," मी सवयीनं म्हणाले.

"मग हे काय लिहिलंय? पेशंट स्वतः सांगते, सकाळी सहा वाजता प्रसादाचा रोट आणि दूध घेतलं."

मी सांगितलं? कधी? त्यांनी समजावलं, या औषधाचा स्वभावच असा आहे. माणूस बोलतं, विचारलेल्याला उत्तर देतं, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. "पुढचं ऐका. गाढ झोपेचं औषध दिलं नाही. हलक्या गुंगीतच तपासणी केली. पेशंट जागी, बोलते आहे." दर पाच मिनिटांनी माझी नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन लिहिलेला होता. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. त्या वाचत गेल्या आणि मी प्रत्येक आकड्याला मान डोलवत गेले.

"गाढ भुलीत पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं, तर जिवावर बेततं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझ्या ड्युटीत अशी एक बाई गेली. तिनंही चहा प्यायल्याचं लपवलं होतं."

मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. इतके महिने मी समजत होते की मी झोपले होते, आणि मी तर जागी होते, बोलत होते! ज्या तोंडानं सिस्टरला "नाही" सांगितलं त्याच तोंडानं, माझा शहाणपणा गुंगीत गेल्याबरोबर, खरं सांगून टाकलं होतं. मी त्यांचा हात धरला. "देवीच बोलली हो माझ्या तोंडून. आणि आज तुमच्या रूपानं भेटली."

"मी देवी मानत नाही," त्या म्हणाल्या. "गुंगीत माणूस बोलतं. डॉक्टरनं ते ऐकलं, हे मोठं. आणि मला रूपबिप म्हणू नका, मी पेन्शनवाली आहे."

मी वाद घातला नाही. डॉक्टरांचे कान खरे आणि माझी कानबाईही खरी, दोन्ही माझ्या मनात सुखानं शेजारी बसले. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं, पेशंटला आणि नातेवाइकांना समजावून सांगितलं. त्याखाली यजमानांची सही होती. मी वळून पाहिलं तर ते छताचा पंखा न्याहाळत होते.

"तुम्हले माहीत व्हतं?"

"तुले वाईट वाटी म्हनीसन नही सांगं," ते पुटपुटले. मला वाईट वाटेल म्हणून त्यांनीही ते दडवलं होतं.

सर्जनसमोर मी सगळं घडाघडा सांगितलं, रोटासकट. इतकं हलकं मला माहेरी गेल्यावरही वाटत नाही. आजवर मी समजत होते की देवावर सोपवायचं म्हणजे डोळे मिटून "तूच बघ" म्हणायचं. पण आपल्यापाशी जे खरं आहे ते आधी समोरच्याच्या हातात ठेवावं लागतं. ते दडवून ठेवलं, तर सोपवलं तरी काय?

ऑपरेशनच्या सकाळी नणंद सप्तशृंगीच्या गडावरून थेट हॉस्पिटलात आली. पुडी उघडून म्हणाली, "खाई ल्या ना वहिनी, प्रसाद शे." माझा हात पुढे गेलासुद्धा. मग मी पुडी कपाळाला लावली आणि यजमानांच्या रुमालात गाठ मारून ठेवली. "माझा वाटा आहे, सांभाळा," मी म्हणाले.

आत भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काही खाल्लंय?"

"नाही," मी म्हणाले, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून म्हणाले. मग ते मिटले, आणि कसली म्हणून भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी खायची परवानगी मिळाली तेव्हा यजमानांनी रुमालाची गाठ सोडली. पेढा थोडा चेपला होता. मी तो हातात घेऊन बघतच बसले. देवी माझ्यासाठी एक दिवस थांबली होती, आणि मी उगाच इतकी वर्षं तिला घाईची समजत होते.