नातेवाईक म्हणजे नक्की कोण?

“भाचसून लिहा,” सचिव पद्माकरभाऊ म्हणाले.

“काहून?” अध्यक्ष नानासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“काहून म्हणजे? भाचसून नातेवाईक नाही का? ताई, तुम्ही लिहा.”

मी लिहिलं. माझं कामच ते. रायपूर छत्तीसगढची राजधानी झाल्यावर बाहेरचे देणगीदार यायला लागले आणि प्रत्येकाला संस्थेच्या लेखी पॉलिसी हव्या असत. म्हणजे संस्था कोण चालवतं, निर्णय कसे होतात, याचे नियम. छोट्या संस्थांकडे नियम नसायचे, सवयी असायच्या. मी इंटरनेटवरून नमुने शोधायची, शेजारी शेजारी ठेवून वाचायची आणि संस्थेच्या मापाने बेतून द्यायची.

ही संस्था शहरातल्या बूढापारा भागात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवत होती. खरं तर वर्षा चालवत होती, बिनपगारी. आता एक ट्रस्ट व्यवस्थापकाचा पगार द्यायला तयार होता. अट एकच: आधी ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ची पॉलिसी, मग नेमणूक. साध्या भाषेत, ज्या निर्णयात आपला किंवा आपल्या नातेवाइकाचा फायदा आहे, तो घेताना उठून बाहेर जायचं. वर्षाला भिलाईच्या शाळेतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. महिनाअखेरीस उत्तर द्यायचं होतं. ती गेली की अभ्यासिकेला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या नमुन्यात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं. परदेशी नमुना होता, तिकडे तेवढ्यात भागत असावं. “आपल्याकडे आणखी कोण धरायचं?” एवढंच मी विचारलं होतं.

वर्षा नानासाहेबांची भाचसून. पद्माकरभाऊ अध्यक्षपदाची निवडणूक त्यांच्याकडून हरलेले. त्यामुळे पहिलं नाव भाचसुनेचं आलं.

“मंग मेहुणाबी लिहा,” नानासाहेब म्हणाले. “छपाईचं काम कोणाच्या मेहुण्याकडे जाते, सबको मालूम है.”

“मेहुण्याची पोरंबाळंही,” खजिनदार शालूताईंनी भर घातली.

“अन् व्याही सोडता का, शालूताई? त्यांच्या घरच्यांसकट लिहा!” अध्यक्ष आणि सचिव एका सुरात म्हणाले. त्यांचं एकमत झालेलं मी प्रथमच पाहिलं.

मग साडू आले, चुलतसासरे आले, मामेजावई आले. मी नंबर टाकून लिहीत गेले. इतकी उत्साही मीटिंग थांबवणं जिवावर आलं. निवृत्त शिक्षक साहू सर प्रत्येक नात्याला “हव” म्हणून मान डोलवत होते. पॉलिसी एकमताने मंजूर झाली.

पुढचा विषय, वर्षाची नेमणूक. मी वाचलं, “यादीतलं नातं असणाऱ्यांनी कृपया बाहेर जावं.”

नानासाहेब उठले. पद्माकरभाऊ हसले.

“हसता काय?” शालूताई म्हणाल्या. “वर्षा तुमच्याच मेहुण्याची पोट्टी.”

पद्माकरभाऊ उठले, दारात थांबले. “अन् तिचे काका तुमचे व्याही. चला!”

शालूताईही उठल्या, आणि मागोमाग आणखी दोन सदस्य आपापलं नातं आठवून निघाले. आत राहिले साहू सर आणि मी. मला मत नाही. निर्णयाला निदान तीन सदस्य हवेत, त्याला कोरम म्हणतात. आमच्याकडे एक होता.

नानासाहेबांनी व्हरांड्यातून खिडकीत डोकं घातलं. “माझं मत हो आहे. लिहून घ्या.”

“खिडकीतून मत चालत नाही,” मी म्हटलं.

“काहून? पॉलिसीत खिडकी कुठं लिहिली?”

“ताई, डोकं आत आहे त्यांचं,” मागून पद्माकरभाऊ म्हणाले. “अर्धं मत धरा.”

तेवढ्यात वर्षा दाराशी आली. “हस लो आप लोग. मले फक्त सांगा, भिलाईला हो म्हणू का?”

नानासाहेबांचं डोकं खिडकीतून बाहेर गेलं.

“ते व्याही-बिही यादीतून काटा,” नानासाहेब म्हणाले.

“आत्ता मंजूर केलेली पॉलिसी एका नेमणुकीसाठी बदलली, तर ट्रस्टला काय सांगायचं?” मी विचारलं.

वर्षाकडून थोडे दिवस मागून मी घरी गेले आणि पुन्हा नमुने काढले. या वेळी मोठ्या संस्थांचे नाहीत, खेड्यापाड्यांतल्या लहान संस्थांचे. जिथे सगळेच एकमेकांचे कोणीतरी असतात, तिथे हा पेच कोणीतरी सोडवलेला असणारच. सोडवला होता. बिननात्याचे सदस्य कमी पडले, तर बाहेरची माणसं घेऊन निवड समिती. नियम काढायचा नव्हता, राहिलेली जागा भरायची होती. मी साहू सर, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि कॉलेजचे एक ग्रंथपाल अशी समिती सुचवली. तिचा निर्णय सगळ्यांना बंधनकारक.

“बाहेरचे लोक आमची पोट्टी निवडणार?” पद्माकरभाऊंनी विचारलं.

“निवडतीलच असं नाही.”

हा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. तरी सह्या झाल्या.

जाहिरात दिली, इतर उमेदवारही आले. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रत्येकाला विचारलं, “इथली सगळ्यात मोठी अडचण कोणती?” बाकीच्यांनी पंखे, पुस्तकं, पार्किंग सांगितलं.

वर्षा म्हणाली, “मीटिंगा. परीक्षा तोंडावर असली तरी हॉलमध्येच घेतात, अन् भांडतात जोरानं.”

“सही कहत हस, नोनी,” साहू सर छत्तीसगढीत म्हणाले; खरं बोलतेस, पोरी. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

वर्षाची निवड झाली. भिलाईला तिने नकार कळवला आणि त्याच आठवड्यात नोटीस लावली: परीक्षेच्या दिवसांत हॉलमध्ये मीटिंग बंद.

नानासाहेबांचा फोन आला. “ताई, आपलीच पोरगी आपल्यालेच नियम दाखवून राहिली. हे कोणत्या पॉलिसीत बसते?”

“चांगल्या पॉलिसीत,” मी म्हटलं.

आता कोणी नमुना मागितला की मी सगळा तयार करून देते, फक्त नातेवाइकांची जागा कोरी ठेवते. ती कार्यकारिणीने स्वतः भरावी, आणि शक्यतो आपसात भांडण चालू असताना. एकही नातं सुटत नाही.