शेताची वरची बाजू

नांदेडच्या फलाटावर हमालाने पेटी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "मावशी, काय आहे यात?" म्हणाला. "शेत आहे," मी म्हणाले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पेटीकडे, आणि जोडीदाराला हाक मारली. चाळीस किलोचं शेत दोघांनी मिळून अमृतसरच्या गाडीत चढवलं आणि माझ्या बाकड्याखाली सरकवलं.

मी खोटं बोलले नव्हते. आमचं रान वसमतच्या बाजूला आहे. बांधावर एकच बाभूळ, म्हणून त्याला 'बाभळीचं' म्हणतात. ते यंदा नव्या रस्त्याखाली जाणार. माझी भाची स्वाती चंडीगडला लागून मोहालीत, नॉलेज सिटी म्हणतात तिथल्या एका संस्थेत रसायनशास्त्र शिकवते. तिथल्या एका लांब ओसरीत ठिकठिकाणच्या जमिनींचे उभे काप लाकडी चौकटीत भिंतीवर लावतात. स्वाती फोनवर म्हणाली, "मावशी, रान जायच्या आत एक काप काढ. नावासकट लावू." मग मी आणि माझा मुलगा महादेव, आम्ही छातीएवढा खड्डा खणला, त्याच्या भिंतीतून चार फूट उंच, वीतभर रुंद काप सोडवला आणि पेटीत बसवला. झाकणावर महादेवने लाल रंगाने बाण काढला. बाण दाखवील ती बाजू वर. झाकण सुतळीने आवळलं.

जमीन कशी म्हणाल, तर काळी, भारी, चुनखडीची. ओली झाली की पायातली चप्पल ठेवून घेते, वाळली की कुदळ परत पाठवते. मधे चार दिवस वाफसा (पेरायला, वखरायला येईल एवढीच ओल) असतो, तेवढ्यात काय ते उरकायचं. घर बांधलं तर भिंती तडकतात, विजेचा खांब रोवला तर दोन वर्षांत वाकतो. चुन्यापायी सोयाबीन पिवळं पडतं. पण पावसाने पाठ फिरवली तरी रब्बीची ज्वारी नुसत्या पोटातल्या ओलीवर उभी राहते. त्यामुळे आम्ही तिला शिव्याही देतो आणि दुसऱ्या कुणी दिल्या तर भांडतोही.

समोरच्या बाकड्यावर नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परत निघालेलं पटियाल्याकडचं जोडपं होतं. दोघंही साठीच्या पुढचे. बाईंनी गोड मठ्ठी (जाड खुसखुशीत पुरी) दिली, मी धपाटे दिले. सरदारजी शेतकरीच निघाले. गहू आणि झोना (भात), दोनच पिकं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना राहवेना.

"बहनजी, मिट्टी दिखाओ तो सही."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्या मातीबद्दल कुणी विचारलं की माझी जीभ आणि हात दोन्ही सुटतात. मी सुतळी सोडली. सरदारजींनी वाकून चिमूटभर माती घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि बोटांत वळली. तिची सुतासारखी लांब वळी झाली.

"ये तो गोंद है जी," ते म्हणाले. "इसमें हल कैसे चलता है?"

"चलता है," मी म्हणाले, "उसका दिन आया तो चलता है."

एवढ्यात तिकीट तपासनीस आला, मागून चहावाला, त्याच्या मागून एक कुटुंब सामान घेऊन. सरदारजींनी घाईने झाकण ठेवलं, मी सुतळी आवळली, पेटी आत ढकलली. दिल्ली मागे पडल्यावर मठ्ठीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकताना माझ्या लक्षात आलं आणि घास तिथेच राहिला. बाण झाकणावर होता. माती पेटीत होती. आणि झाकण कोणत्या तोंडाने परत बसलं, ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

मी पुन्हा उघडून पाहिलं. या टोकाला काळं, त्या टोकाला काळं. महादेवला फोन करून त्याने काढलेला फोटो मागवला. फोटोत काय, काळं ते काळं. दुसऱ्या जमिनीत थर दिसतात, आमच्यात नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसाळ्यात सगळं फुगून एकमेकांना ढकलतं. वर्षानुवर्षं जमीन स्वतःलाच घुसळत बसते. त्यातून महादेवने शेवटी सांगितलं, "आई, आज रानात मुरूम पडला." म्हणजे दुसरा काप काढायची सोय संपली. मला भारी अपराधी वाटलं. चाळीस वर्षं ज्या रानात कंबर मोडली, त्याचं आभाळ कोणत्या बाजूला ते मला सांगता येईना.

अंबाल्याला स्वाती गाडी घेऊन आली होती. झाकणाचं मी तिला सांगितलं नाही. तिचं घर मोहालीला लागून खरड नावाच्या गावात, सातव्या मजल्यावर. खाली नव्या इमारतीचा पाया खणत होते. माती पाहिली तर फिकी, ज्वारीच्या पिठासारखी, हातातून गळून जाणारी. एवढ्या पिठावर एवढे मजले उभे आणि भिंतीला एक तडा नाही. मी म्हटलं, असेल बाई.

दुसऱ्या दिवशी रविवार. स्वातीने चंडीगड दाखवलं. रस्ते सरळ, झाडं ओळीत, दर थोड्या वेळाने एक गोल चक्कर (वाटोळा चौक), आणि सगळी चक्करं जुळी. एका बाजारात ती औषधं घ्यायला गेली, मी जरा पुढे फुलं बघत चालले आणि हरवले. रेहड़ीवाल्याला (हातगाडीवाल्याला) विचारलं, बाजार किधर? तो म्हणाला, "कौन से सेक्टर का जी?" ते मला ठाऊक असतं तर हरवले कशाला असते. स्वातीने शोधून काढल्यावर ती हसत होती. मला मात्र रडू येत होतं, आणि ते रस्त्यांपायी नव्हतं.

सोमवारी संस्थेत गेलो. ओसरीत लाल, तपकिरी, पिवळ्या जमिनी ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीचे थर साडीच्या काठासारखे वेगवेगळे. आमची चौकट रिकामी होती. खाली पाटी लागलेली: 'बाभळीचं शेत, वसमत परिसर'. चौकट लावणारे बलबीरजी पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) घेऊन तयार होते. माझ्याच वयाचे.

"मैडम, ऊपर कौन सा?"

"बाण आहे की," म्हणून स्वातीने झाकण दाखवलं.

मी गप्प राहिले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं. पण पाटीवर आमच्या रानाचं नाव होतं. मी म्हणाले, "स्वाती, त्या बाणावर जाऊ नको." आणि सगळं सांगून टाकलं. सरदारजी, मठ्ठी, सगळं.

ती रागावली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. तिने बाटली आणून दोन्ही टोकांवर पातळ आम्लाचा थेंब टाकला. दोन्हीकडे फसफसून फेस आला. "चुना वरपासून खालपर्यंत आहे, मावशी. खाली जास्त असायला हवा, पण फरक कळत नाही." मी चष्मा लावून बघत बसले. एका टोकाला मातीत नारिंगी दोरा दिसला. बियाण्याच्या पिशवीचा. माझा जीव भांड्यात पडला.

"हीच वर. पेरताना पडलेला दोरा आहे."

बलबीरजींनी चौकट उचलली. आणि मला माझं खुरपं आठवलं. एका उन्हाळ्यात भेगेत पडलं, मी खांद्यापर्यंत हात घातला तरी लागलं नाही. जिथे खुरपं जातं तिथे दोरा जायला कितीसा वेळ?

"थांबा," मी म्हणाले.

"ऊपर कि नीचे, बहनजी?" बलबीरजी शांतपणे म्हणाले. महादेवचे वडील असते तर म्हणाले असते, हिला काय विचारता. आणि त्यांच्या आठवणीबरोबर आमचं जुनं भांडण आठवलं.

ते दरवर्षी एक वीतच नांगरायचे. त्याच्या खाली फाळ जाऊ द्यायचे नाहीत. "खोल गेलो तर खालची चुनखडी वर येईल," म्हणायचे. मी म्हणायची, अहो, दरवर्षी तिथेच फाळ घासून वीतभर खाली कडक पापुद्रा धरलाय, तुरीची मुळं त्यावर आपटून आडवी होतात, एकदा तरी खोल घाला. तीस वर्षं हेच. बैल गेले, ट्रॅक्टर आला, वीत तीच राहिली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. महादेवही तेवढंच नांगरतो.

मी बलबीरजींकडून पेचकस घेतला. दोऱ्याच्या टोकाकडून दोन विती बोटाबोटावर टोचत आले. सगळीकडे सारखाच आत जात होता. मग दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. गेला, गेला, गेला, आणि एका जागी अडला. हाताची वीत लावून पाहिली. बरोबर एक वीत. दोन बोटं पुढे सरकले तर पुन्हा सहज आत गेला.

"ही वर," मी म्हणाले. "दोऱ्याची बाजू खाली."

"पक्का?" बलबीरजींनी विचारलं.

"पक्का."

बाण उलटा होता. मी गप्प बसले असते तर आमचं रान त्या ओसरीत कायमचं डोक्यावर उभं राहिलं असतं.

परतीच्या गाडीत बाकड्याखाली काहीच नव्हतं, तरी मी चढता-उतरताना दोनदा वाकून पाहिलं. नांदेडला महादेव घ्यायला आला होता. रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, "नीट लागलं का?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बाबांचं खरं होतं?"

नव्हतं. तो पापुद्रा फोडायलाच हवा होता, तुरी मार खायच्या त्या त्याच्यापायीच. मी तीस वर्षं सांगत होते ते खरंच होतं. बरं झालं त्यांनी माझं ऐकलं नाही.