बाबांचा पखवाज आणि पुण्याचं यंत्र

कोकणातल्या वालावलीत पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापड मान टाकतात आणि काडेपेटीपुढे हात जोडावे लागतात. निवृत्त हेडमास्तर बाबांनी हे सगळं आयुष्यभर सोसलं. सोसवत नव्हतं ते फक्त पखवाजाचं. दमट हवेने त्याचं चामडं सैल पडायचं आणि थाप मारली की उशी झोडल्यासारखा आवाज यायचा. गेल्या श्रावणात देवळातल्या भजन सप्ताहात बुवांनी ऐन गजरात मंगेशला खूण केली आणि तो चामड्याऐवजी प्लास्टिकचं पान लावलेली आपली ढोलकी घेऊन पुढे सरकला. चाळीस वर्षांची जागा गेली. यंदाही तसंच झालं तर पखवाज कायमचा माळ्यावर, असं बाबांनी बायकोला, माईंना, सांगून टाकलं होतं.

म्हणून मुलाने, यज्ञेशने, पुण्याहून हवेतला ओलावा ओढणारं यंत्र पाठवलं. बाबांनी ते पखवाजाशेजारी मांडलं. हवेतलं पाणी काढायचं तर आधी हवा आत यायला हवी, असा विचार करून त्यांनी खिडक्या सताड उघडल्या. यंत्राची टाकी दोन-दोन तासांनी भरू लागली. येईल त्याला बाबा बादली दाखवायचे. पखवाज मात्र होता तसाच ढिम्म.

"तुमी आख्ख्या गावाचा पाणी काढतास," माई एकदा म्हणाल्या. बाबांनी त्यांना विज्ञान समजावलं. ते त्यांनी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे माई चुलीकडे वळल्या.

सप्ताहाला चार दिवस उरले आणि पखवाज बोलायला लागला. दुपारची झोप काढून बाबा उठले की थाप कशी खणखणीत पडायची. त्यांनी फोन करून यज्ञेशला यंत्राचं तोंडभरून कौतुक सांगितलं.

सप्ताहाच्या पहिल्याच अभंगाला पखवाज असा घुमला की मंगेशची ढोलकी पिशवीतच राहिली. दुसऱ्या अभंगाला देवळातली मांजर आली आणि पखवाजाला अंग घासू लागली. तिसऱ्याला आणखी एक आली. मंगेशने नाक वर करून वास घेतला. श्रावणामुळे पंधरा दिवस मासळी न चाखलेल्या बुवांनी तर डोळे मिटून लांब श्वास घेतला.

वास बाबांच्या ओळखीचा होता. श्रावण लागताच माईंनी सुकटीचा डबा चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, तिथला. म्हणजे आपण झोपलो की पखवाज रोज चुलीच्या उबेला त्या फळीवर चढत होता आणि चहाच्या आत यंत्राशेजारी परत येत होता. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. माई छताकडे बघत होत्या. बाबांना इतकं भरून आलं की शेवटचा गजर त्यांनी दुप्पट जोराने वाजवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेच नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं, पखवाज स्वतः उचलून स्वयंपाकघरात नेला आणि चुलीपाशी उभे राहिले.

"सुकटीचो डबो जरा पलीकडे सरकय गो," ते म्हणाले. "अजून सहा दिस वाजवचो आसा."