भोंग्यावरची आत्या

माझी आत्या बोलायला लागली की ती भांडतेय की हसवतेय, हे समोरच्याला लवकर कळायचं नाही. सुरुवात वरच्या पट्टीत, मध्येच एक खाकरा, मग एकदम कानात सांगितल्यासारखा बारीक आवाज. हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून आम्हा गोंडांचं छोटं गाव आहे. तिथं लहानपणी मी तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. ती चिडायची नाही. "अवं, मधात खाकरली नाई तू," म्हणून चूक दुरुस्त करायची.

आश्रमशाळेत मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. त्यांनी हसायच्या आधीच आपण त्यांना हसवायचं, हे मी तिथं शिकले. वर्ध्याला कॉलेजात आल्यावर गॅदरिंगमध्ये आत्या उभी केली आणि मग कार्यक्रमांची बोलावणी येऊ लागली. सिंदी मेघेच्या एका कार्यक्रमात आयोजकांनी माझ्यापुढं पिसांचा मुकुट ठेवला. "मॅडम, हे घाला ना. आदिवासी लुक येईल." मी साध्या साडीतच स्टेजवर गेले. लोक पोट धरून हसले, पण आयोजकांनी पुन्हा बोलावलं नाही.

रेडिओवर लुकचा प्रश्न नव्हता. एका कॉलेजात गावागावांसाठी छोटं रेडिओ केंद्र चालायचं, तिथं मला आठवड्याचा कार्यक्रम मिळाला. त्यात आत्या कधी सरपंचाला झापायची, कधी मोबाइलच्या टॉवरला. घरी आत्या शेजारच्या बायकांना गोळा करून तो ऐकायची आणि नंतर मला फोन करायची. "मी इतकी बोलतो का वं? लोकाईले वाटन का म्या काई कामधंदा करतच नाई."

वाघांची ये-जा वाढली तशी जंगल खात्याची माणसं केंद्रावर आली. गावात जीपवरून वाजवायला सूचना हव्या होत्या, पण लोक ऐकतील अशा. मी आत्यालाच विचारलं. तिनं चुलीपुढं बसल्या बसल्या सगळं सांगितलं आणि मी तिची नक्कल करत, तिच्याच आवाजात ते रेकॉर्ड केलं. "अवं बायाहो, एकट्या जंगलात जाऊ नोका. वाघ काई तुमचा जावई नाई, का ओसरीवर बसून चहाची वाट पायीन. अन् वाकून बसू नोका. त्याले तुमी हरणावानी दिसता." आत्याला ते फार आवडलं. आठ दिवस ती गावभर ऐकवत फिरली.

पुढच्या मोहाच्या दिवसांत एका सकाळी केंद्रावर भावाचा फोन आला. "ताई, आत्याले वाघानं नेलं."

ती एकटी गेली नव्हती. सोबत गावातल्याच बायका होत्या, हाकेच्या अंतरावर. फक्त मोहाचं फूल जमिनीवर पडतं आणि ते उभ्यानं वेचता येत नाही. मी पोचले तेव्हा तिला नाल्याकाठून उचलून आणलं होतं. चेहरा झाकलेला होता आणि आईनं मला तो उघडू दिला नाही. तिची टोपली कुणीतरी उचलून घरी आणून ठेवली होती. अर्धी भरलेली.

तिला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर बसले होते आणि गावाच्या तोंडाशी आत्या बोलायला लागली. अवं बायाहो, एकट्या जंगलात जाऊ नोका. मध्येच खाकरली. मग बारीक आवाज. भोंगा लावलेली जीप हळूहळू घराकडं येत होती. अशी घटना झाली की गावोगाव फिरवायची, असा त्यांचा नियमच होता. आतून आत्याचा नवरा बाहेर आला. त्याला आम्ही मामा म्हणतो. त्याला कमी ऐकू येतं.

"कोणाशी भांडून राह्यली ते?" त्यानं विचारलं.

तो पायऱ्या उतरला आणि अनवाणीच, घरावरून पुढं गेलेल्या जीपच्या मागं चालू लागला. मी पळत जाऊन जीपला आडवी गेले.

"बंद करा ते."

ड्रायव्हर नवा होता. "वरून ऑर्डर आहे, मॅडम."

"ते माही आत्या हाय."

"कोण? भोंग्यावरची का मेलेली?"

"दोन्ही."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं बटण दाबलं. मामा तिथंच रस्त्यात उभा राहिला. जीप पुलापलीकडं गेल्यावर आवाज पुन्हा सुरू झाला.

पेपरात आलं, सूचना देऊनही महिला एकटीच जंगलात गेली. ते खोटं आहे हे रेडिओवर सांगू द्या, म्हणून मी केंद्राच्या प्रमुखांकडं गेले. सर मनानं चांगले होते. "मी समजू शकतो," ते म्हणाले, "पण बातमीचं भांडण आपण नाही घ्यायचं. तू आत्याचा कार्यक्रम कर. तुलाही बरं वाटेल."

मी माइकसमोर बसले आणि माझ्या स्वतःच्या आवाजात बोलले. ज्या आत्याला तुम्ही हसत होतात ती खरी होती, ती मेली, आणि ती एकटी नव्हती. एवढंच. नंतर फोन घेतले. पहिला आंजीहून होता. एक म्हातारा म्हणाला, "बाई, दुःख हाय हे खरं. पण आमी हसाले लावला होता रेडिओ."

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या घरात काय चाललं होतं, मला थोडंच ठाऊक होतं. सरांनी मात्र माझा कार्यक्रम बंद केला आणि मला हवामान आणि बाजारभाव वाचायला दिले. आता मी तेच वाचते. बाजारात कुणी आवाज ओळखलाच तर विचारतं, आत्या कुठं गेली? मी म्हणते, गेली.

या वर्षी मोह पडायला लागला तशी आई म्हणाली, "चाल आमच्यासंगं. तुले मोठ्यानं बोलता येते. आवाज असला का जनावर जवळ येत नाई म्हणतात." बायका यंदा मोठ्या घोळक्यानं निघाल्या होत्या. त्या वाकून वेचत होत्या आणि मी मध्ये उभी राहून, चारी बाजूंनी झाडीकडं बघत, जोरजोरात विनोद सांगत होते. सरपंचाचे, मास्तरांचे, माझ्या फसलेल्या स्वयंपाकाचे. आधी कुणी हसेना. मग आईच म्हणाली, "हासा वं, हासा. गंमत असो का नसो."

तेव्हा त्या हसल्या. मान खाली घालून, हात न थांबवता, सगळ्या एकदम. मी बोलत राहिले. घसा बसला तरी थांबायची हिंमत झाली नाही.