मिथक आणि घमेलंभर गाळ

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा सभांची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवायचे. बाबांचा नियम एकच: पत्रक छापायला देण्याआधी ते वाचता न येणाऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. त्याला पटलं नाही, तर फाडायचं.

गेल्या वर्षी राहनाळजवळच्या आमच्या गावातलं तळं बुजवून गोदाम बांधायचा घाट घातला गेला. ग्रामसभा तीन दिवसांवर होती. मी पेटून पत्रक लिहिलं. त्यात गोदामवाल्याला झोडपलं, आणि जाता जाता गावालाही: 'तळ्यात साती आसरा या जलदेवता राहतात हे निव्वळ मिथक आहे.' मिथक म्हणजे मिथ्या, अशी माझी पक्की समजूत.

नियमाप्रमाणे शेजारच्या काकींना वाचून दाखवलं. त्या तळ्याकाठी भाजी पिकवतात. सभेत तळ्याच्या बाजूने त्याच बोलणार होत्या. गोदामवाल्यासमोर तोंड उघडायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

"मिथक म्हंजे काय गो?"

"खोटी गोष्ट, काकी."

"म्हंजे आसरांचं सांगनारी मी खोटारडी. मंग सभेत तूच बोल." त्या मेथीच्या जुड्या बांधत राहिल्या.

मी चिडले. "तुम्ही पाहिल्यात का आसरा?"

"न्हाय. तू तळ्यातला गाळ काढलास का कधी?"

नव्हता काढला.

"आमी काढतो. दर उन्हाळ्यात, घरटी एक घमेलं, आसरांचं देणं म्हणून. नोटीस लावली असती तर कोण आलं असतं? तुझा बाप पन येतो. इचार."

घरात एकही देव न ठेवणारे बाबा! मला वाटायचं, ते त्या दिवशी पत्रकं वाटायला जातात. विचारलं तर म्हणाले, "पाणी मीही पितो ना."

मग शब्दकोश उघडला. मिथकाचं 'मिथ्या'शी मुळातलं नातं नव्हतंच. ग्रीक शब्द मुथॉस; अर्थ, तोंडून सांगितलेलं, गोष्ट. लॅटिनमधून जाताना त्यातल्या उकाराच्या जागी 'वाय' आला, इंग्रजीत मिथ झालं, आपल्याकडे 'क' लागून मिथक. खोटेपणा मागाहून चिकटला. मी तेवढाच उचलला होता, आणि तो एका खऱ्या बाईच्या अंगावर फेकला होता.

पत्रक फाडलं. नवं लिहिलं ते घमेल्यांबद्दल. काकींनी शेवटपर्यंत ऐकलं. "आता बरोबर हाय. पन लांबवलंस."

सभेत त्या घमेलं घेऊनच उभ्या राहिल्या. "ज्यानं ज्यानं गाळ काढला त्यानं हात वर करा." आधी कुणी हलेना. मग एक हात, मग चार, मग गोदामवाल्याच्या मागे बसलेल्यांचेसुद्धा. बाबांचाही. "आता ह्याच हातांनी तळं बुजवायचं काय?"

तळं राखायचा ठराव झाला. सगळ्या सभेत खाली होते ते माझे हात.

आसरांवर माझा आजही विश्वास नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात गाळाच्या रांगेत मी काकींच्या मागे उभी होते. त्यांनी वळून माझं घमेलं पाहिलं.

"अर्धंच भरलंस गो. आसरा मोजतात हां."

मी परत उतरले आणि भरून आणलं.