शोभेचा कांदा

निवृत्त झालो आणि बागकामाचे व्हिडिओ बघून चार महिन्यांत तज्ज्ञ झालो. बेळगावातल्या आमच्या घरापुढं भरपूर ऊन लागणारा एक तुकडा आहे. तिथं वर्षानुवर्षं फुलणारी, मधमाश्यांना बोलावणारी बाग करायची आणि मधोमध जांभळ्या चेंडूसारखी फुलं येणारा शोभेचा कांदा लावायचा, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "बरं." तिच्या 'बरं'चा अर्थ मला कळतो, पण तज्ज्ञानं असल्या गोष्टी मनाला लावून घ्यायच्या नसतात.

बारा परदेशी कंद कुरिअरनं आले. त्यांना आधी थंडी द्यावी लागते, म्हणून ते सहा आठवडे फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात राहिले. पिशवीवर मी लाल पेनानं 'खायचे नाहीत' असं लिहिलं. त्याच सुमारास माझी थोरली बहीण गुडघ्याच्या उपचारासाठी बेळगुंदीहून राहायला आली. आक्काचं सगळं आयुष्य शेतात गेलेलं. तिनं पिशवी उघडून बघितली.

"व्हय रं, कांदा फ्रिजात कशाला?"

"त्याला थंडी लागते."

"मग स्वेटर घाल की."

नोव्हेंबरात मी कंद लावले. माती, वाळू, शेणखत, सगळं मापून. आजूबाजूला सदाफुली आणि तुळस. पायरीवर बसून आक्का हा सोहळा बघत होती. मग उठली, स्वयंपाकघरातले कोंब फुटलेले पाच कांदे आणले, काठीनं भोकं पाडली आणि कोपऱ्यात खोचून टाकले. बागेच्या रंगसंगतीचा मुद्दा मी तिच्यापुढं मांडला.

"असू दे रं," ती म्हणाली. "टाकूनच देणार हुता न्हवं?"

माझ्या परदेशी पाहुण्यांनी चार-चार पानं काढली आणि शेंड्याकडून पिवळं पडायला सुरुवात केली. मी रोज सकाळी त्यांच्या बुडाशी बर्फाचं पाणी घालत होतो. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. लोकांना विज्ञानाची आवड आहे, असं मला वाटायचं. जानेवारी संपायच्या आत बाराही कंद कुजले.

आणि आक्काच्या कांद्यांना गुडघ्याच्या वर दांडे आले. त्यांच्यावर पांढरे, गोल, भरगच्च गोंडे. शेतात याला डेंगळा म्हणतात. तो आला की कांदा पोसत नाही.

शेजारचे निवृत्त वकील फाटकाशी थांबले. "वा! कुठली जात ही?"

"बाहेरची आहे," मी गंभीरपणे म्हणालो.

"व्हय," व्हरांड्यातून आक्का म्हणाली, "मार्केटातली."

तिचा गुडघा बरा झाला होता, गावाकडून फोन येत होते, तरी ती आणखी आठ दिवस राहिली. सकाळी खुर्ची ओढून वाफ्याजवळ बसायची. एकदा मी चहा घेऊन गेलो.

"जल्मभर डेंगळा दिसला की मोडला बघ," ती गोंड्याकडं बघत म्हणाली. "असा बसून कवा बघितलाच न्हाय."

परागीभवनाबद्दल मला बरंच काही माहीत होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं.

"गप बस रं. खायाला आल्यात त्या."

एकेका गोंड्यावर सात-आठ मधमाश्या होत्या. मी पायरीवर बसलो. आमचा दोघांचाही चहा निवून गेला.